दुसऱ्या खेपेच्या बायांसाठी

भागरता, गटातून तुमचा नंबर लागला म्हनते.
तीन वर्साची बचत, वरून शिंगाड्याचा नफा,
जा बयो, खुशाल जा.
पन मी पयल्या खेपेची. जाळं विनता विनता
माह्यं थोडं ऐकून घे.

विदर्भ एक्सप्रेस गोंदियाहून वेळेवर निघते,
पोचाचं मातर तिच्या मनावर.
जहाज सुटाच्या दिवशी मुंबईत उतरजो नोको,
आदल्या दिवशी जाजो.
धरमशाळेचे सातशे लागन, लागू दे.
आपला डोंगा हाक मारली का काठाले येते.
थे जहाज कोनाच्या बापासाठी थांबत नाई.
गोव्यात उतरली तरी
सांगतल्या टाइमाच्या अर्धा घंटा अगोदर वापस ये.
टाइम त्यायच्या घड्याळीचा, तुह्या नाई.

मोठी पेटी बंदरावरच घेऊन टाकतेत,
संध्याकाळी आनून ठेवतेत खोलीपुढं.
आधार, चष्मा, एक लुगडं, बीपीची गोळी
हातातल्या थैलीत.
शेवंताची गोळी पेटीत गेली,
दुपारभर डोकं धरून बसली बिचारी
एवढ्या झुंबराखाली.
पानी गरम कराची कांडी नेजो नोको,
धुरपताची काढून घेतली, वर चिठ्ठी देली,
जशी काई रेशनची.

एजंट खिडकीचे चार हजार जास्त मांगन.
देजो नोको. खोलीत बसाले कोन जाते?
खोली मधातली मांग, खालच्या माळ्यावरची.
डोंग्यात टोकावरचा जास्त हालते, मधातला कमी,
थेच गनित,
लाकडाच्या जागी लोखंड.

आन उलटीची गोळी उलटीच्या अगोदर, मंग नाई.
मी म्हटलं, आपुन ढिवर, आपल्याले का होते!
पयल्याच राती मीच लागली.
बाकीच्या पाची जनी डब्यातला आवळा
माह्या तोंडात कोंबत होत्या
आन हासत होत्या.

फोन विमानाच्या चित्रावर टाकजो.
इमलाच्या पोरानं दोनदा लावला,
अठराशे गेले, थोबाडही दिसलं नाई.
जेवन तिकिटात, चहा तिकिटात,
पन थंड्या बाटलीले हात लावला का
कार्डावर चढते.
विचारजो, "ह्याचे पैसे लागते का जी?"
मी लाजली.
त्या लाजेचे तीनशे चाळीस भरले.

मासा वाढतेत, काटा नाई, डोकं नाई, वास नाई.
कोनता व्हय, म्हटलं. पोरगा म्हने, "फिश."
मरळ नाई, रोहू नाई, झिंगा नाई. फिश.
आमी खाल्ला.

पलंगावर टॉवेलचा बगळा करून ठेवतेत.
मी आन धुरपता त्याच्या दोन बाजूनं
आंग चोरून झोपलो, मोडन म्हनून.
तू मोडजो. आंग पुसाचाच हाये तो.

पायटे चारले जाग येईनच तुले,
जाळे उचलाची वेळ.
पडून राहू नोको. कार्ड घे, नाई त
दार बाहेरून उघडत नाई,
लिफ्टनं नवव्या माळ्यावर जा.
एक पोरगा फरशी धूत असन.
मी त्याले विचारलं, खाली किती पानी हाये?
म्हने, "माहीत नाही आजी, आत जा, ओलं आहे."
मी गेली नाई.
कठड्यातून हात खाली सोडला,
सवयीनं.
जलम पान्यावर गेला माह्या,
पन हात पुरत नाई असं पानी
तवाच पाह्यलं.
किती वेळ हात तसाच होता,
मालूम नाई.

असू दे.
खोली झाडनाऱ्या पोरासाठी पाचशे सुट्टे ठेवजो,
शेवटच्या दिवशी त्याच्याच हातात देजो.
आन जातांनी माह्यं स्वेटर घेऊन जा,
वर वारा लय असते.
कोपराजोळ उसवलं हाये.
शिवून घेजो.